सोळा ते पंचवीस

मॅक्सीन ओल्डरॉइड यांच्या पर्समध्ये आगगाडीच्या सवलतीचे जे कार्ड होते, त्यावर 'सोळा ते पंचवीस' असे ठळक अक्षरांत छापलेले होते; आणि मॅक्सीनबाईंचे वय त्या वेळी एकोणसाठ होते. यात लबाडी काहीच नव्हती. ते कार्ड तरुणांचे खरे, पण जो पूर्णवेळ विद्यार्थी आहे, त्याचे केस काळे असोत वा पांढरे, त्यालाही ते घेण्याचा अधिकार रेल्वेच्या नियमानेच दिलेला आहे. तिकिटाचा तिसरा हिस्सा त्यामुळे वाचतो. हॅगथ्वेट या आमच्या गावाहून लीड्सला जाणाऱ्या माणसाला पूर्ण भाड्याने जेवढ्या पैशांत आठवड्याचे तीन दिवसही पुरते भागणार नाहीत, तेवढ्यात कार्ड असेल तर चार दिवस जाऊन येता येते. अडचण एवढीच होती, की नियम पुस्तकात राहत होता आणि बाई गाडीत बसत होत्या.

गावात डॉक्टरकी करून निवृत्त झालेला मीही मंगळवारी आणि गुरुवारी त्याच गाडीने लीड्सच्या ग्रंथालयात जात असे. माझ्याजवळ ज्येष्ठांचे कार्ड होते. तेही तिसरा हिस्साच वाचवते, आणि माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहून ते कुणी कधी उलटून पाहिले नाही. बाईंचे मात्र दर नव्या तपासनिसाने पाहिले. सप्टेंबरात एक तरुण तपासनीस आमच्या मार्गावर नवा आला. त्याने कार्ड पाहिले, मग बाईंकडे पाहिले, मग पुन्हा कार्डाकडे.

"नातीचं उचलून आणलंत का, मावशी?"

"माझंच आहे, बाळा. नात मोटारीनं हिंडते."

बाईंनी विद्यापीठाचे घडी घातलेले पत्र काढून दिले. त्याने ते वरवर चाळले आणि काय शिकता म्हणून विचारले. बाई म्हणाल्या, इतिहास.

"मग सोपंच की. तुम्ही तर सगळा डोळ्यांनी पाहिलेलाच असेल."

डबा हसला. बाईही हसल्या, त्याला धन्यवाद म्हणाल्या, आणि तो पुढे गेल्यावर पत्राची घडी जुन्या चुणीवरच पुन्हा घालू लागल्या. मी समोर बसलो होतो म्हणून मला दिसले, की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

या बाईंनी एकतीस वर्षे आमच्या गावच्या शाळेत मुलांसाठी दुपारचे जेवण रांधले. सोळाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा सोडली होती, कारण घरात कमावते हात कमी होते; आणि पुढे आयुष्यभर त्याच शाळेच्या मागच्या दाराने आत जाऊन अडीचशे पोरांच्या पानात बटाटे, मटार आणि वाफवलेल्या गोड पुडिंगवर पिवळे कस्टर्ड वाढत राहिल्या. गावातला चाळिशीच्या आतबाहेरचा जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या हातचे जेवला आहे. पती नेव्हिल हे कोरड्या दगडी बांधांचे कारागीर. चुना-मातीशिवाय, केवळ दगडावर दगड बसवून शेतांच्या सीमा घालणारे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते घरी असत. दोघांच्या संसारात वह्या-पुस्तकांना जागा अशी कधी नव्हतीच. पण बांध घालायला नेव्हिल जात तेव्हा बाई डबा घेऊन मागाहून जात, आणि प्रत्येक शेताचे नाव शेतकऱ्याला विचारून घेत. कोणते शेत कशावरून कोणत्या नावाचे झाले, हे सांगणारा मात्र कुणी भेटत नव्हता. तीस वर्षांची ती नावे एका जुन्या पाककृतींच्या वहीत मागल्या बाजूने लिहिलेली होती.

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून, सरकारी शैक्षणिक कर्ज काढून, त्यांनी लीड्सच्या एका विद्यापीठात नाव घातले. विद्येच्या दारात उशिरा येणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर एक विशेष नम्रता असते. ती मी त्यांच्या मुद्रेवर पाहिली आहे. एकदा गाडीत मी त्यांना सांगितले, की तुमच्या शेतांच्या नावांत ज्या 'गार्थ'चा अर्थ कुंपण घातलेली जागा असा होतो, तो शब्द आणि आमच्या संस्कृतातले 'गृह' हे मुळात एकाच घरचे आहेत. उतरताना त्या म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर, तुम्ही शेजारी नाही, नात्यातलेच निघालात."

तिसरे, शेवटचे वर्ष प्रबंधाचे होते. विषय ठरला होता तो आमच्या खोऱ्यातल्या शेतांच्या नावांचा. आठशे वर्षांपूर्वी या खोऱ्यातली कुरणे एका मठाच्या ताब्यात होती, आणि मठवासीयांनी त्या जमिनींचे जे दानलेख लिहून ठेवले, त्यांत एक्केचाळीस शेतांची नावे होती. ते लेख विद्यापीठाच्या जुन्या कागदपत्रांच्या वाचनगृहात जपून ठेवलेले आहेत. ते छापलेले नाहीत, आणि त्यांची लिपी अशी की, अक्षर ओळखीचे वाटावे आणि तरी वाचता येऊ नये. ती लिपी वाचायला शिकवणारा वर्ग डॉ. फेन्विक नावाच्या प्राध्यापिका दर बुधवारी घेत, आणि तोही केवळ सप्टेंबरअखेरपासून नाताळपर्यंतच. तो वर्ग सक्तीचा नव्हता. पण बाईंच्या प्रबंधाचे कुलूप त्याच एका किल्लीने उघडणार होते.

म्हणजे हिशेब साधा होता. सक्तीचे वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, सोमवार वाचनगृहाचा, बुधवार लिपीचा. कार्ड असले तर चारही दिवस. नसले तर दोनच. आणि कार्डाची मुदत आठ ऑक्टोबरला संपत होती.

पहिली दोन वर्षे हे नूतनीकरण अगदी विनासायास झाले होते. रेल्वेचा एक अर्ज असतो. त्यावर विद्यार्थ्याचा फोटो, आठवड्याला पंधरा तासांहून अधिक शिक्षण घेतो असे प्राध्यापकाच्या सहीचे प्रमाणपत्र, आणि खाली एका रिकाम्या चौकटीत संस्थेचा शिक्का. इतिहास विभागाच्या जुन्या लेखनिक बाई खणातून शिक्का काढीत, तोंडाची वाफ देऊन उमटवीत, आणि विषय संपे. पण त्या निवृत्त झाल्या. विभागाची कचेरी सहा विभागांच्या एकत्रित विद्यार्थी-सेवा केंद्रात विलीन झाली. आणि त्या केंद्रात काचेची दालने, बोलण्यासाठी उंच स्टूल आणि भिंतीवर हिरवळ असली तरी शिक्का नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाई तिथे गेल्या. काउंटरवर इमोजन नावाची एक तरतरीत मुलगी होती. तिने सांगितले, की आता सगळे संगणकावरून होते. बाईंनी संगणकावरून अर्ज केला. पाच कामकाजाच्या दिवसांनी एक पत्र आले. त्यात विद्यापीठाचे रंगीत बोधचिन्ह होते, पण सही नव्हती, कारण ते यंत्राने लिहिलेले होते. ते घेऊन बाई आमच्या स्थानकाच्या तिकीटखिडकीवर गेल्या. ही खिडकी सकाळी साडेअकराला बंद होते, आणि तिच्यामागे बावीस वर्षे क्लिफर्ड सग्डेन बसतो. तोही बाईंच्या हातचे पुडिंग खाऊनच मोठा झालेला. नियमाच्या बाबतीत मात्र तो असा, की स्वतःच्या आईला फलाटाचे तिकीट मागेल.

क्लिफर्डने पत्र उजेडात धरले, मागची बाजू पाहिली, आणि खिन्न होऊन परत दिले. चौकटीत शिक्का हवा, मिसेस ओल्डरॉइड, म्हणाला. बोधचिन्ह म्हणजे शिक्का नव्हे. बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, तुझा खोळंबा झाला.

इथे आमच्या खोऱ्यातल्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. हवा, सरकार, शेजाऱ्याचा कुत्रा, चहाचा घसरलेला दर्जा यांच्याविषयी हे लोक दिवसभर तक्रार करतात. पण ती नेहमी पाठीमागे. समोर काच असेल आणि काचेपलीकडे कुणी 'नाही' म्हणत असेल, तर ते त्याचे आभार मानतात, त्याची क्षमा मागतात आणि मागच्या माणसासाठी जागा मोकळी करून देतात. त्या 'नाही'पुढे आणखी एक प्रश्न विचारणे म्हणजे रांगेतल्या सगळ्यांचा अपमान, अशी त्यांची समजूत आहे. मॅक्सीनबाई या रीतीत जन्मल्या, वाढल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीमागून त्यांनी एकतीस वर्षे तिचाच दुसऱ्या बाजूने अनुभव घेतला. त्यांच्यासमोरची रांग कधी मोडली नाही.

त्या पुन्हा लीड्सच्या केंद्रात गेल्या. इमोजनने सांगितले, की आमच्याकडे शिक्का नाही. विलीनीकरणात सगळे शिक्के काढून टाकले. बाई म्हणाल्या, काही हरकत नाही हं, बाळा, तुझा वेळ घेतला. आणि बाहेर पडल्या. तो दिवस सात ऑक्टोबर होता. दुसऱ्या दिवशी कार्ड संपले.

त्यानंतर जे झाले ते सांगताना आजही माझा स्वर चढतो. बाईंनी दोन आठवडे पूर्ण भाडे भरून चारही दिवस रेटले. नेव्हिलच्या गुडघ्यांच्या औषधासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले, आणि मग बुधवार सुटला. सोमवारही सुटला. डॉ. फेन्विक यांना बाईंनी पत्र लिहून क्षमा मागितली. प्राध्यापिका सज्जन होत्या. त्यांनी टिपणे पाठवली, पण लिपी काही टिपणांवरून येत नाही. गुरूचे बोट अक्षरावरून फिरताना पाहावे लागते. अर्जावरच्या सहीचे विचारले, तेव्हा त्याही अडखळल्या. वेळापत्रकाप्रमाणे बाईंचे वर्ग आठवड्याला जेमतेम सात तासांचे होते. बाकीचा स्वाध्याय. आमच्याकडे ज्याला अध्ययनाचा गाभा मानतात, तो स्वाध्याय इथे कोणत्या रकान्यात मांडायचा हे त्यांना ठाऊक नव्हते. पंधरा तासांचे प्रमाणपत्र मी कशाच्या आधारावर देऊ, असे त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले. आणि बाईंनी अत्यंत सौजन्याने त्यांची अडचण मान्य केली.

गावात मग सल्ल्यांना ऊत आला. तो सल्ला एकच होता आणि सगळ्यांच्या तोंडी होता. नऊ मार्चला बाईंना साठ पूर्ण होणार होती. साठीला ज्येष्ठांचे कार्ड मिळते. सही नको, शिक्का नको, तास नकोत. जन्मतारीख दाखवली की झाले. पाच महिने थांबा. क्लिफर्डनेही हेच सुचवले, आणि खरे तर मायेने सुचवले. पावाच्या दुकानात शनिवार-रविवार बाई कामाला जात, तिथे प्रत्येक गिऱ्हाईक हेच सांगे. बाई प्रत्येकाचे आभार मानीत.

आभार मानले नाहीत ते फक्त नेव्हिलचे. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. नेव्हिल बायकोला नेहमी 'पोरी' म्हणत. चाळीस वर्षांत ते संबोधन बदलले नव्हते. त्यांनी टेबलाचा खण उघडून एक लाकडी मुठीचा शिक्का काढला. शाळेच्या स्वयंपाकघराचा, माल मिळाल्याचा.

"पोरी, हा घे आणि हाण त्या चौकटीत. जांभळा गोल दिसला की क्लिफर्डचं समाधान होतं."

"त्यावर काय लिहिलंय वाचलंस का? 'बटाटे, पोती, तपासून घेतली.'"

"मग? तुला काय तपासून घेतलेलं नाही त्यांनी? तीन वर्षं तपासतायत."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. शिक्का त्यांनी हातात घेतला, त्याच्या कडेला वाळलेली शाई नखाने खरवडली.

"उरलेत मोजून चार महिने, पोरी. मग रुबाबात म्हातारीचं कार्ड घे की."

"ते कार्ड मी काही न करता मिळतं, नेव. नुसती जगले म्हणून. मला ते पुढं मिळेलच. पण हे मी शिकते म्हणून मिळतं. आणि मी आत्ता शिकतेय. मार्चमध्ये नाही, आत्ता. बुधवारी."

बाईंनी शिक्का खणात ठेवला आणि खण इतक्या जोराने लावला, की बशीतला चमचा वाजला. मग त्यांनी माझी क्षमा मागितली, आणि आणखी चहा ओतला.

बुधवार हातचा गेल्यावर उरलेल्या दोन दिवसांतून होईल तेवढे पिळून काढायचे, असे त्यांनी ठरवले. पूर्ण भाडे भरायचेच आहे तर त्याचा पुरेपूर मोबदला घ्यायचा. त्या आता सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊ लागल्या आणि वाचनगृह बंद होईपर्यंत तिथे बसू लागल्या. माझी आणि त्यांची सकाळची सोबत त्यामुळे सुटली. परतीच्या गाडीत कधी भेटत. डोळे ताणलेले, बोटांना शिसपेन्सिलीची काजळी. त्या वाचनगृहात शाईची लेखणी नेऊ देत नाहीत. दारापाशी मोठे नोंदणीपुस्तक असते. आत जाताना नाव आणि वेळ लिहायची, बाहेर पडताना वेळ लिहून सही करायची. बाई दानलेखांसमोर बसत आणि डॉ. फेन्विक यांची टिपणे शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवीत. एका नावाला कधी एक अख्खा दिवस जाई. दुसऱ्या दिवशी ते नाव चुकीचे निघे.

"वर्गात बसले असते तर तिनं एका मिनिटात सांगितलं असतं," त्या एकदा म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. तो सूर असता तर मला अधिक बरे वाटले असते.

नाताळ आला. बुधवारचा वर्ग संपला. त्या वर्गात अकरा पाठ झाले. बाईंच्या वाट्याला चार आले.

फेब्रुवारीच्या मध्यावर विद्यापीठाकडून एक पत्र आले. यंत्राने लिहिलेले, सहीविना. नाताळापूर्वीच्या सत्रात बुधवारच्या वर्गातली उपस्थिती घटल्याचे आढळले आहे, काही अडचण असल्यास विद्यार्थी-सेवा केंद्राशी संपर्क साधावा. बाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. काउंटरवर इमोजनच होती. रांगेत मागे सात-आठ मुले होती. पुढचे मला बाईंनी त्याच संध्याकाळी गाडीत सांगितले.

इमोजनने पत्र वाचले, सहानुभूतीने मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितले: आमच्याकडे शिक्का नाही. बाईंच्या तोंडी 'काही हरकत नाही' हे शब्द आले होते. पण त्या क्षणी मागच्या रांगेतला एक मुलगा खोकला, बाईंनी मागे वळून त्याच्याकडे पाहिले, आणि त्यांना काय झाले त्यांनाही कळले नाही. त्या जागेवरून हलल्या नाहीत.

"तुमच्याकडे नाही. मग कुणाकडे आहे?"

इमोजनने एक क्षणही विचार केला नाही.

"वाचनगृहात आहे ना. जुन्या कागदपत्रांच्या. नकलांवर मारायला लागतो त्यांना, म्हणून त्यांचा ठेवला."

"हे तुला ऑक्टोबरात ठाऊक होतं?"

"हो. पण तुम्ही विचारलंच नाहीत. थँक्यू म्हणून गेलात."

मुलगी उद्धट नव्हती. तिचे म्हणणे खरेच होते. ज्या खोलीत बाई चार महिने, सकाळी दार उघडल्यापासून दार लागेपर्यंत बसत होत्या, त्या खोलीतल्या टेबलावर, नोंदणीपुस्तकापासून चार हातांवर तो शिक्का पडून होता. बाईंनी तो रोज पाहिला होता. त्याच्या शेजारच्याच पेन्सिली त्या टोकदार करून घेत असत.

बाई तशाच वाचनगृहात गेल्या. तिथले वृद्ध ग्रंथपाल मिस्टर पोलार्ड मितभाषी. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, शिक्का मारतो, पण आधी प्राध्यापकाची सही लागेल. बाईंनी तासांची अडचण सांगितली. या वेळी मात्र सांगून थांबल्या नाहीत. तास कसे सिद्ध करता येतील, असे विचारले. पोलार्ड यांनी नोंदणीपुस्तक उलट दिशेने फिरवून बाईंसमोर ठेवले. दर मंगळवार, दर गुरुवार. आत येण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, बाईंची सही. मधल्या वर्गांचा वेळ वजा करूनही आठवड्याला साडेनऊ-दहा तास भरत होते. वर्गांचे सात त्यात मिळवले, की पंधरा ओलांडले जात होते. कार्ड नसल्यामुळे जे दिवस बाईंनी पहाटेपासून रात्रीपर्यंत ताणले, त्या ताणलेल्या दिवसांनीच कार्डाचा पुरावा लिहून ठेवला होता. डॉ. फेन्विक यांनी पुस्तकाच्या पानांच्या नकला पाहिल्या आणि तिथल्या तिथे सही केली. आपण आधीच या पुस्तकाकडे पाहायला हवे होते, असेही म्हणाल्या. पोलार्ड यांनी अर्जावर आणि बाईंच्या जवळच्या पत्रावरही शिक्का उमटवला. तो जांभळा नव्हता, काळा होता.

सव्वीस फेब्रुवारीला, खिडकी बंद व्हायला वीस मिनिटे असताना, बाईंनी तो अर्ज क्लिफर्डसमोर ठेवला. मी मागे उभा होतो. क्लिफर्डने शिक्का निरखला, सही निरखली, फोटो निरखला. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीची करुणा होती.

"मिसेस ओल्डरॉइड, अहो अकरा दिवस. अकरा दिवसांनी दुसरं कार्ड मिळतंय, फुकटच्या कटकटीशिवाय. हे आता कशाला?"

"मला हे हवंय, क्लिफर्ड."

"पण बुधवारचा तो वर्ग तर..."

"संपला. मला माहीत आहे. तू हे कार्ड दे."

मागे माझ्याखेरीज आणखी दोन माणसे होती. बाईंनी वळून पाहिले नाही, आणि क्षमाही मागितली नाही. क्लिफर्डने कार्ड करून दिले. ते हातात आल्यावर त्या बाजूला झाल्या आणि फलाटावरच्या बाकावर बसल्या. मला वाटले होते, त्यांना आनंद होईल. त्यांनी कार्ड उताणे करून त्यावरची तारीख वाचली. पुढल्या वर्षीची सव्वीस फेब्रुवारी. तोवर परीक्षा झालेली असेल, पदवी मिळालेली किंवा न मिळालेली असेल, आणि त्यांची साठी कधीचीच उलटलेली असेल.

"चार महिने, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "चार महिने तो माझ्यासमोर पडला होता आणि मी सगळ्यांना थँक्यू म्हणत होते."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

नऊ मार्चला नेव्हिल यांनी वाढदिवसाची भेट म्हणून ज्येष्ठांचे कार्ड आणले. गुपचूप, बाईंचा पासपोर्ट खणातून काढून. त्यांना वाटले होते, ही भेट पाहून बायको हसेल. तिने ते घेतले, नवऱ्याच्या टकलाची पापी घेतली, आणि कार्ड स्वयंपाकघराच्या शिक्क्याशेजारी खणात ठेवून दिले. नेव्हिल मला म्हणाले, "पैसे पाण्यात." पण रागावलेले नव्हते.

नवे कार्ड मिळाले त्या आठवड्यापासून बाई पुन्हा सोमवारी आणि बुधवारीही जाऊ लागल्या. बुधवारी वर्ग नव्हता. ज्या खोलीत तो होत असे तिथे आता दुसरेच कुणी बसत. त्या सरळ वाचनगृहात जात. एप्रिलपर्यंत एक्केचाळिसांपैकी सव्वीस नावे लागली. उरलेली पंधरा लागली नाहीत. डॉ. फेन्विक यांनी जाता जाता एक-दोन सांगितलीही असती, पण प्रबंध स्वतःच्या वाचनाचा हवा, असा नियम होता, आणि या नियमावर बाईंचा राग नव्हता. त्या पंधरा जागा त्यांनी रिकाम्या ठेवल्या. प्रत्येक जागेखाली लिहिले: मला वाचता आले नाही.

मार्चअखेरच्या एका मंगळवारी, सकाळच्या गाडीत आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो होतो. सप्टेंबरातला तोच तपासनीस आला. आता तो आमच्या मार्गावर रुळला होता. कार्ड त्याने ओळखले.

"काय मावशी, नवं काढलंत? अजून पंचविशीच?"

"हो," बाई म्हणाल्या. पर्समधून त्यांनी पत्र काढले, उलगडले आणि त्याच्या हातात दिले. "मागल्या वेळी तू अर्धंच वाचलंस. आज पुरतं वाच."

तो घुटमळला. गाडी डोंगरातल्या लांब बोगद्यात शिरली आणि डब्यातले दिवे लागले. पत्र दोन पानांचे होते, त्यात बाईंच्या विषयाचे नाव होते, पोलार्ड यांचा शिक्का होता. पोराने ते उभ्या उभ्या, ओठ हलवीत, शेवटपर्यंत वाचले. मग घडी घालू लागला. ती चुकीच्या चुणीवर पडली.

"आमच्या मामाच्या शेताचं नाव हॅग्ज गार्थ," तो म्हणाला. "त्याला तसं का म्हणतात?"

बाईंनी पत्र त्याच्या हातून घेतले आणि घडी सरळ केली. दानलेखांतल्या सीमांवरून ते शेत ओळखता येत होते, पण त्याचे तिथले जुने नाव त्या पंधरांपैकी होते.

"ते मला अजून वाचता आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या मामाला विचारून सांगशील? त्याला काय वाटतं ते."

तो बरे म्हणाला, आणि पुढच्या डब्याकडे निघाला. बाईंनी त्याचे आभार मानले नाहीत. त्यांनी पर्समधून ती जुनी पाककृतींची वही काढली, मागच्या बाजूने उघडली, आणि त्या नावापुढे पेन्सिलीने त्याचे नाव लिहायला सुरुवात केली. मग थांबल्या, कारण त्याचे नाव त्यांनी विचारलेच नव्हते. आणि जागेवरून उठून त्याच्यामागे पुढच्या डब्यात गेल्या.